सिरोंचाचे न्यायालय : एक खुर्ची, दोन पदे

प्राणहिता जेथे गोदावरीला मिळते, त्या संगमाजवळ सिरोंचा वसले आहे. गडचिरोली हे जिल्ह्याचे ठिकाण येथून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर, आणि उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ त्याच्याही पुढे. शहरी वाचकाला तालुका न्यायालय ही न्यायव्यवस्थेची खालची पायरी वाटते. सिरोंचा तालुक्यातील बहुतेक पक्षकारांच्या दृष्टीने मात्र न्यायव्यवस्था म्हणजे हे तालुक्याचे कोर्टच.

या न्यायालयाच्या प्रमुखाचे पदनाम लांबलचक आहे : दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व न्यायदंडाधिकारी (प्रथम वर्ग). पदे दोन, व्यक्ती एकच. पोलिसांनी हजर केलेल्या आरोपीच्या कोठडीचा निर्णय दंडाधिकारी म्हणून द्यायचा आणि त्याच खुर्चीवरून भावाभावांतील वाटणीचा दावा दिवाणी न्यायाधीश म्हणून ऐकायचा, अशी ही रचना आहे. दिवाणी अधिकार १८६९ च्या दिवाणी न्यायालये अधिनियमातून येतात. फौजदारी अधिकार १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतून येतात. त्यापूर्वी ते १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतून येत असत. प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास देता येतो. दंडाची मर्यादा दहा हजार रुपये होती, ती नव्या संहितेने पन्नास हजार केली असून काही किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षाही ठोठावता येते. खुनासारख्या प्रकरणात आरोपी प्रथम येथेच हजर केला जातो; खटला मात्र सत्र न्यायालयाकडे सोपवावा लागतो.

सिरोंचा येथे २०१५ मध्ये नगरपंचायत स्थापन झाली. तथापि, नगरपंचायतीचे वेगळे न्यायालय नाही. मोठ्या शहरांत महापालिकेच्या खटल्यांसाठी स्वतंत्र दंडाधिकारी नेमण्याची पद्धत आहे. येथे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखालील खटलाही याच दंडाधिकाऱ्यापुढे चालतो. सागवानाच्या चोरट्या तोडीचे वन कायद्याखालील खटले आणि दारूबंदीचे खटलेही येथलेच. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि नदीपलीकडच्या तेलंगणात ती नाही, एवढे सांगितले म्हणजे या दुसऱ्या प्रकारच्या खटल्यांचे कारण निराळे सांगण्याची गरज उरत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालील वाढीव मोबदल्याचा वाद मात्र येथे चालत नाही. त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण आहे.

आज आडबाजूला पडलेले हे गाव एकेकाळी जिल्ह्याचे मुख्यालय होते, हे अनेकांना ठाऊक नसते. मध्य प्रांतात १८६० ते १८७४ या काळात 'अप्पर गोदावरी' नावाचा जिल्हा होता व त्याचा कारभार सिरोंचाहून चाले. तेथील ब्रिटिश अधिकारी ग्लासफर्ड यांच्या नावाची खूण तालुक्यातील ग्लासफर्डपेठा या गावात आजही टिकून आहे. जिल्हा मोडल्यावर सिरोंचा चांदा जिल्ह्यात गेले आणि १९८२ मध्ये चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्ह्यात आले. महसूल अधिकाऱ्याकडेच दंडाधिकाऱ्याचे अधिकार असण्याची ब्रिटिशकालीन पद्धत पुढेही बराच काळ चालू राहिली. १ एप्रिल १९७४ रोजी १९७३ ची संहिता लागू झाली, तेव्हा न्यायदंडाधिकारी आणि कार्यकारी दंडाधिकारी हे दोन वर्ग निराळे झाले. तहसीलदार दुसऱ्या वर्गात राहिले.

न्यायाधीशाची निवड महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या पूर्व व मुख्य परीक्षेतून आणि मुलाखतीतून होते. नेमणूक राज्यघटनेच्या अनुच्छेद २३४ नुसार राज्यपाल करतात, प्रशिक्षण उत्तन येथील न्यायिक अकादमीत होते. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिलेल्या निर्णयाने या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. नेमणुकीनंतर बदली, बढती, रजा यांवर अनुच्छेद २३५ अन्वये उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. जिल्हाधिकाऱ्यांचा त्यात काहीही संबंध नाही.

न्यायाधीशाखालचा कर्मचारीवर्ग म्हणजे सहायक अधीक्षक, वरिष्ठ व कनिष्ठ लिपिक, लघुलेखक, बेलीफ आणि शिपाई. यांची भरती जिल्हा न्यायालयामार्फत होते. सरकारी बाजू मांडणारे सहायक सरकारी अभियोक्ता अभियोग संचालनालयाचे असतात. ते न्यायालयाचे कर्मचारी नव्हेत. या सगळ्यांत बेलीफाचे काम वरवर सर्वांत साधे, पण दावा पुढे सरकणे बरेचसे त्याच्यावर अवलंबून. दिवाणी समन्स पक्षकाराच्या हाती द्यायचे, त्याने घेण्यास नकार दिला तर घराच्या दारावर चिकटवायचे आणि काय घडले त्याचा अहवाल न्यायालयाला द्यायचा. जंगलातल्या वाड्यापाड्यांवर पावसाळ्यात नाले भरलेले असताना हे काम एका फेरीत होईलच असे नाही. समन्स बजावले गेले नाही की तारीख पडते. प्रतिवादी नदीपलीकडे राहत असेल तर समन्स तेलंगणातील न्यायालयामार्फत जाते, मग ते गाव येथून डोळ्यांना दिसत का असेना!

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. राज्यातील तालुका व जिल्हा न्यायालयांच्या कामकाजाची भाषा १९९८ च्या अधिसूचनेनुसार मराठी आहे. सिरोंचात घराघरांतून तेलुगू बोलली जाते. जंगलपट्ट्यात माडिया व गोंडी. साक्षीदाराला समजेल अशा भाषेत प्रश्न जावा व त्याचे उत्तर मराठीत नोंदले जावे, यासाठी दुभाषा लागतो. १९६९ च्या शपथ कायद्यानुसार दुभाष्यालाही साक्षीदाराप्रमाणे शपथ घ्यावी लागते. 'बहुतेक' आणि 'नक्की' यांत गल्लत झाली तर साक्षच फिरते. म्हणूनच तेलुगू जाणणारा लिपिक येथे लघुलेखकाइतकाच मोलाचा मानायला हवा.

वकील परवडत नसेल त्याने तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले आणि कोठडीतील व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्यास उत्पन्नाची अट नाही.

ही सारी व्यवस्था एका खुर्चीवर उभी आहे, त्यामुळे ती रिकामी झाली की अडचण सुरू होते. न्यायाधीशाची बदली झाली किंवा ते दीर्घ रजेवर गेले, तर दुसऱ्या न्यायालयाच्या न्यायाधीशाकडे कार्यभार दिला जातो. सर्वांत जवळचे अहेरी सुमारे शंभर किलोमीटरवर. दिवाणी दावा तोवर थांबू शकतो, अटक झालेला माणूस थांबू शकत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार त्याला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. अटकेच्या जागेपासून न्यायालयापर्यंतच्या प्रवासाचा वेळ त्यातून वगळला जातो. सिरोंचासारख्या तालुक्यात हा वगळलेला वेळ थोडाथोडका नसतो. न्यायदंडाधिकारी उपलब्धच नसेल, तर तसे अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे आरोपीला नेता येते. त्याला कारणे लेखी नोंदवून जास्तीत जास्त सात दिवसांची कोठडी देता येते, आणि ती मुदत संपण्यापूर्वी प्रकरणाची कागदपत्रे जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवणे त्याच्यावर बंधनकारक आहे.