माल अडतो तिथे

ठाण्याच्या कोपरीतला माणूस सणाच्या खरेदीला निघाला की घरात एवढंच सांगतो, "नाक्यावर जाऊन येतो." कोणता नाका हे कोणी विचारत नाही. रेल्वेचा पूल ओलांडायचा, स्टेशन रोडची गर्दी अंगावर घ्यायची आणि कौपिनेश्वराच्या शेजारी जांभळी नाक्याला पोचायचं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी तसाच गेलो. झेंडूचे ढीग कमरेइतके. एक हमाल टेम्पोतून तांदळाची पोती उतरवत होता. हातातला लोखंडी आकडा पोत्याच्या कोपऱ्यात खुपसायचा, एक हिसका, की पोतं पाठीवर. आकडा निघाला की तागाला भोक राहतं आणि त्यातून चार दाणे सांडतात. खाली कबुतरं तयारच. मागच्या रिक्षांचे भोंगे त्याच्या कानापर्यंत पोचतही नव्हते. वाट अडली होती आणि त्या अडलेल्या वाटेतच लोक झेंडूचा भाव करत होते.

नाक्याचं मूळ तरी दुसरं काय! सुईच्या भोकालाही आपण नाक म्हणतो. ज्या चिंचोळ्या जागेतून गेल्यावाचून सुटका नाही, तिथे बसून जकात घ्यायची, ही राज्य करणाऱ्यांची जुनी युक्ती. खाडीकाठचं ठाणं तिला फार सोयीचं. शिलाहारांचं श्रीस्थानक ते हेच. पुढे पोर्तुगीज आले, १७३७ मध्ये मराठ्यांनी ते घेतलं, १७७४ मध्ये इंग्रजांनी. कौपिनेश्वराचं आजचं देऊळ मराठी अमदानीतलं, १७६० चं.

इथला माल दूर जात असे, माणसंही. १३२१ च्या सुमारास चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले. मागून आलेल्या ओडोरिक नावाच्या साधूने त्यांच्या अस्थी समुद्रमार्गे झैतूनला नेल्या. झैतून म्हणजे आजचं च्वानचौ, तेव्हाचं जगातलं एक मोठं बंदर. तिथल्या जकातवाल्याने ते गाठोडं सोडून पाहिलं असेल का, हा माझा आवडता रिकामा प्रश्न.

आमच्या बाजूला, पूर्वेला, मीठबंदर रोड आहे. नावातच सगळं आलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी चौतीस किलोमीटर धावत ठाण्याला आली आणि रुळांनी चेंदणी कोळीवाड्याचे दोन भाग केले. माल बंदराऐवजी स्टेशनात थांबू लागला, तशी दुकानंही स्टेशनाकडे तोंड करून बसली. फाळणीनंतर कोपरीत सिंधी कुटुंबं आली, म्हणून आम्हाला दालपकवानासाठी पूल ओलांडावा लागत नाही.

जकात गेली, शब्द राहिला. टेंभी नाका, कोर्ट नाका, तीन हात नाका. कॅडबरी नाक्याला तर नाव चॉकलेटच्या कारखान्याचं, तरी नाका. आता नाका म्हणजे चौक, उनाड पोरांचा पत्ता, आणि सकाळी गवंडी-बिगारी थापी-घमेलं घेऊन काम मिळेल म्हणून उभे राहतात ती जागा.

वसुलीचा खरा नाका मात्र कोपरीच्याच वेशीवर उरला, आनंदनगरला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात संपली आणि ट्रकच्या रांगा गेल्या, टोल राहिला. टोलच्या रांगेत कागदाच्या पुड्यांत खारे शेंगदाणे विकणारा एक जण माझ्या ओळखीचा. सुट्ट्या पैशांवरून गाड्या जितक्या खोळंबत, तितका त्याचा धंदा. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. गाडीवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही टाकला.

त्या दिवशी जांभळी नाक्याहून परतताना तो शेंगदाणेवाला मला तीन हात नाक्याला दिसला, पाटी गळ्यात, लाल दिव्याकडे डोळे लावून.

"इकडे कुठे?"

"तिकडं गाड्या थांबतच नाहीत, साहेब. हा सिग्नल मोठाय."