भूसंरक्षण सुविधाधिकार

खाजगी मालकीच्या जमिनीवर इमारती बांधणे, भूखंड पाडणे, खाणकाम करणे यांसारखे हक्क जमीनमालकाने स्वेच्छेने, मोबदला घेऊन वा दान म्हणून, स्थानिक शासनाच्या किंवा लोकोपयोगी न्यासाच्या स्वाधीन करण्याच्या नोंदणीकृत व्यवहारास भूसंरक्षण सुविधाधिकार म्हणतात. शेतजमिनी, वने, पाणलोट क्षेत्रे व निसर्गरम्य परिसर यांचे नागरी विस्तारापासून रक्षण करणे, हा त्याचा हेतू होय. या पद्धतीचा विकास मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला.

स्वरूप : जमिनीची मालकी हा अनेक हक्कांचा समुच्चय असून त्यांतील एखादा हक्क वेगळा काढून हस्तांतरित करता येतो, या तत्त्वावर ही पद्धती आधारलेली आहे. सुविधाधिकार दिल्यानंतरही जमीन मूळ मालकाकडेच राहते. तो ती कसू शकतो, विकू शकतो वा वारसांना देऊ शकतो. मात्र करारातील निर्बंध जमिनीबरोबर जातात व पुढील प्रत्येक मालकावर बंधनकारक ठरतात. वेगळी तरतूद नसल्यास लोकांना त्या जमिनीत प्रवेशाचा हक्क मिळत नाही. निर्बंधांशिवाय जमिनीला बाजारात येणारी किंमत आणि निर्बंधांसह येणारी किंमत यांतील फरक हे सुविधाधिकाराचे मूल्य मानले जाते. शहरालगतच्या जमिनीत हा फरक मोठा असतो.

इंग्लंडच्या रूढ कायद्यात दुसऱ्याच्या जमिनीवर निषेधात्मक बंधन घालणारे सुविधाधिकार प्रकाश, हवा, आधार व कृत्रिम प्रवाहाचे पाणी अशा मोजक्या बाबींपुरते मर्यादित होते. शिवाय सुविधाधिकाराचा लाभ सामान्यतः शेजारच्या एखाद्या जमिनीला मिळावा लागे. भूसंरक्षणाच्या करारात अशी लाभधारक जमीन नसते. लाभ सर्व समाजाला मिळतो. त्यामुळे असे करार न्यायालयात टिकतील किंवा नाही, याविषयी शंका होती. ती दूर करण्यासाठी घटक राज्यांना स्वतंत्र कायदे करावे लागले.

इतिहास : १९३० नंतरच्या दशकात ब्लू रिज पार्कवे व नॅचेझ ट्रेस या मार्गांलगतची शोभा राखण्यासाठी संघीय राष्ट्रीय उद्यान सेवेने सुविधाधिकार मिळविले. विस्कॉन्सिन राज्याने १९५० नंतर मिसिसिपी नदीकाठच्या रस्त्यासाठी हाच मार्ग अनुसरला. विल्यम एच्. व्हाइट यांनी १९५९ मध्ये मोकळ्या जागांच्या रक्षणाविषयी लिहिलेल्या पुस्तिकेमुळे या कल्पनेला व्यापक प्रसिद्धी मिळाली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात शहरे व काउंट्या यांना असे हक्क संपादन करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. मॅसॅचूसेट्सने १९६९ मध्ये अशा निर्बंधांना वैधानिक मान्यता दिली. १९७६ व १९८० च्या संघीय करकायद्यांनी कायमस्वरूपी सुविधाधिकार दान करणाऱ्यास प्राप्तिकरात सवलत दिली, तर १९८१ मध्ये राज्यांसाठी नमुना कायदा तयार झाला.

स्थानिक शासनांचे प्रयोग : दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्क महानगर लाँग आयलंडवर पसरू लागले आणि सफक काउंटीतील बटाट्याची शेते वसाहतींखाली जाऊ लागली. या काउंटीने १९७४ मध्ये शेतजमिनींचे विकासहक्क विकत घेण्याचा कायदा केला. देशातील अशा प्रकारची ही पहिली योजना समजली जाते. वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटीत मतदारांनी १९७९ मध्ये ५ कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. त्यांतून सीॲटलच्या परिसरातील सु. ५,००० हेक्टर शेतजमीन सुरक्षित झाली.

मेरिलंडमधील माँगमरी काउंटीने वेगळा मार्ग स्वीकारला. तिने १९८० मध्ये सु. ३७,६०० हेक्टर (९३,००० एकर) क्षेत्र कृषिराखीव ठरवून तेथे दर २५ एकरांस एकच घर बांधण्याची मर्यादा घातली. या नुकसानीच्या भरपाईसाठी मालकास दर ५ एकरांमागे एक विकासहक्क देण्यात आला. शहरी भागातील बांधकाम व्यावसायिक हे हक्क विकत घेऊन नेमलेल्या क्षेत्रांत जादा घरे बांधू शकतात आणि हक्क विकलेल्या जमिनीवर सुविधाधिकाराची नोंद होते. येथे मोबदल्याचा भार सरकारी तिजोरीवर न पडता बाजारावर पडतो. याच राज्यातील हॉवर्ड काउंटीने १९८९ पासून दीर्घ मुदतीच्या हप्त्यांनी मोबदला देण्याची पद्धत सुरू केली.

गुणदोष : भूवापराच्या विभागीकरणाचे नियम नवे लोकप्रतिनिधी बदलू शकतात; सुविधाधिकार मात्र निवडणुकीने पालटत नाही. जमीन पूर्णपणे विकत घेण्यापेक्षा तो स्वस्त पडतो आणि तिची निगा राखण्याचे काम मालकाकडेच राहते. शेतकऱ्यास जमीन न विकता भांडवल मिळते. परंतु ही व्यवस्था ऐच्छिक असल्याने संरक्षित शेतांमध्ये वसाहती शिरून क्षेत्र विखुरले जाण्याचा धोका असतो. करारावर सह्या झाल्या म्हणजे शासनाचे काम संपत नाही. जमिनीच्या मूळ स्थितीची नोंद ठेवणे, वेळोवेळी पाहणी करणे आणि भंग झाल्यास न्यायालयात दाद मागणे, ही जबाबदारी कायमची असते. फुगविलेल्या मूल्यांकनाच्या आधारे करसवलत लाटण्याचे प्रकारही घडले; त्यांना आळा घालण्यासाठी २०२२ मध्ये संघीय कायद्यात मर्यादा घालण्यात आल्या. एका पिढीने पुढील सर्व पिढ्यांचे हात बांधावेत काय, हा मूलभूत आक्षेपही घेतला जातो. त्यावर, बांधकामाखाली गेलेली सुपीक जमीनही पुढील पिढ्यांना परत मिळत नाही, असे समर्थक म्हणतात.

भारतातील १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमानुसार सुविधाधिकार हा दुसऱ्या एखाद्या जमिनीच्या उपभोगासाठीच असावा लागतो. त्यामुळे या प्रकारच्या करारास त्यात थेट आधार मिळत नाही. मात्र विकासहक्क जमिनीपासून वेगळा करून अन्यत्र वापरण्याचे तत्त्व बृहन्मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत स्वीकारले गेले. तेथे त्याचा उपयोग मुख्यत्वे आरक्षित भूखंड ताब्यात घेणे व झोपडपट्टी पुनर्वसन यांसाठी झाला. शेतजमिनीचे रक्षण हा त्याचा हेतू नव्हता.