चाकातली हवा जाते कुठून?

मोटारसायकलचे चाक दर आठ-दहा दिवसांनी बसू लागले की आपण ती ढकलत पंक्चरवाल्याकडे नेतो. तो ट्यूब बाहेर काढतो, हवा भरतो आणि पाण्याच्या घमेल्यात थोडी थोडी बुडवून फिरवत जातो. बुडबुडा दिसला तर काम सोपे असते. ती जागा कानशीने खरवडायची, सोल्यूशन लावून वाळू द्यायचे आणि ठिगळ दाबून बसवायचे. बुडबुडा दिसला नाही तर तो व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावून बघतो. टायरच्या आतून हात फिरवून बाभळीचा काटा राहिला आहे का, एखाद्या स्पोकचे टोक रिममधून वर आले आहे का, हेही पाहतो. काहीच सापडले नाही तर "पंक्चर नाही" असे सांगून ट्यूब पुन्हा चढवतो. गिर्‍हाइकाचा त्यावर विश्वास बसत नाही, कारण हवा गेली म्हणजे भोक असलेच पाहिजे असे आपण धरून चालतो.

या समजुतीला पहिला धक्का बसला तो १८३१ साली, म्हणजे हवेचा टायर जन्माला येण्याच्याही आधी. आणि तो बसला रबराच्या फुग्यांमुळे.

हायड्रोजनवरच्या प्रयोगांसाठी मायकेल फॅरडे याने १८२४ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रबराचे फुगे तयार केले होते. कच्च्या रबराचे दोन पत्रे एकमेकांवर ठेवून कडा दाबल्या की त्या आपोआप चिकटत. आतली बाजू चिकटू नये म्हणून तो तेथे पीठ भुरभुरवत असे. पुढे अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे जॉन केअर्सली मिचेल नावाचे डॉक्टर रसायनशास्त्र शिकवत असत. हायड्रोजन भरलेले त्यांचे फुगे वर्गाच्या छताला जाऊन टेकत आणि काही काळाने आपसूक खाली येत. फुग्याला भोक तर दिसत नव्हते. मिचेल यांनी निरनिराळे वायू घेऊन तुलना केली तेव्हा प्रत्येकाचा वेग वेगळा निघाला. गंमत अशी की कार्बन डायऑक्साइड हायड्रोजनच्या २२ पट जड असूनही हायड्रोजनपेक्षा लवकर बाहेर पडत होता.

यात विशेष काय, असे विद्यार्थी विचारतील. येथे शिक्षकांनी थोडे थांबावे, असे आम्हाला वाटते. अतिसूक्ष्म छिद्रांतून वायू बाहेर पडताना हलका वायू लवकर जातो आणि जड वायू सावकाश जातो. वेग घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हा ग्रॅहॅमचा नियम म्हणून माहीत आहे. रबरात बारीक छिद्रे असती, तर कार्बन डायऑक्साइड हायड्रोजनच्या जवळजवळ पाचपट सावकाश जायला हवा होता. प्रत्यक्षात तो अधिक वेगाने जात होता. म्हणजे वाट छिद्रांची नव्हती.

मग वाट कोणती? याचे उत्तर देणारा पुन्हा तोच टॉमस ग्रॅहॅम. छिद्रांतून जाणाऱ्या वायूचा नियम ज्याने सांगितला, त्यानेच १८६६ मध्ये हा नियम रबराला का लागू पडत नाही हे दाखवून दिले. त्याचे म्हणणे असे, की साखर पाण्यात विरघळावी तसा वायू आधी रबरात विरघळतो, रबराच्या जाडीतून सरकत पलीकडे पोचतो आणि तेथे बाष्पीभवन झाल्यासारखा बाहेर पडतो. जो वायू रबरात जास्त विरघळेल त्याला पलीकडे जाणे सोपे. ग्रॅहॅमने मोजलेले आकडे आजही वर्गात सांगण्याजोगे आहेत. नायट्रोजनचा वेग १ धरला तर ऑक्सिजनचा २.५५६, हायड्रोजनचा ५.५ आणि कार्बन डायऑक्साइडचा १३.५८५.

रबरी पडद्याच्या एका बाजूला साधी हवा ठेवून दुसऱ्या बाजूने निर्वात पंप लावला, तेव्हा पलीकडे आलेल्या हवेत त्याला ४१.६ टक्के ऑक्सिजन मिळाला. धुमसती काडी त्या हवेत पुन्हा पेट घेई. हवेत ऑक्सिजन २१ भाग आणि नायट्रोजन ७९ भाग धरून वरचे आकडे वापरले तर उत्तर सुमारे ४०.५ टक्के येते. हे गणित फळ्यावर पाच मिनिटांत होते.

प्रयोगही करता येतो. सारख्या आकाराचे दोन साधे रबरी फुगे घ्या. एकात पंपाने हवा भरा, दुसऱ्यात खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांपासून मिळालेला कार्बन डायऑक्साइड भरा. दोन्हींचा घेर दोऱ्याने मोजून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलात तर फरक स्पष्ट दिसेल. पंपच वापरावा, तोंडाने फुगवू नये. आपल्या उच्छ्‌वासातही कार्बन डायऑक्साइड असतो.

टायर बनवणाऱ्यांपर्यंत मात्र ही गोष्ट बराच काळ पोचली नाही, किंवा पोचली तरी त्यांना तिची गरज भासली नाही. रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये हवेच्या चाकाचे पेटंट घेतले. रबर लावलेल्या कॅनव्हासची नळी आणि तिच्यावर चामड्याचे वेष्टण, अशी ती रचना होती. ती घोडागाडीला लावून लंडनच्या रीजंट पार्कमध्ये चाचण्या झाल्या. गाडी ओढायला बळ कमी लागते हेही त्याने दाखवून दिले. तरीही ते चाक विस्मृतीत गेले. हवेच्या चाकाची खरी निकड असलेले वाहन, म्हणजे सायकल, अजून यायचे होते.

बेलफास्टमध्ये गुरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचे टायर केले आणि १८८८ मध्ये पेटंट घेतले. टॉमसनच्या जुन्या पेटंटमुळे हे पेटंट पुढे टिकले नाही, पण टायर टिकला. त्याची खरी अडचण पंक्चर ही होती. डनलॉपचा टायर रिमला चिकटवलेला असे. १८८९ मध्ये फ्रान्समधील क्लेर्मों-फेराँ येथे मिशलँ बंधूंच्या कारखान्यात असा एक टायर दुरुस्तीला आला. तो सोडवून जोडायला काही तास लागले आणि वाळायला रात्र गेली. यातून १८९१ मध्ये त्यांनी काढता-घालता येणारा टायर केला. त्याच वर्षी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही शर्यत शार्ल तेराँ याने त्या टायरवर जिंकली. आपल्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा धंदा शक्य झाला तो टायर असा निघू लागल्यामुळे. टायरच्या इतिहासात डनलॉपचे नाव सगळे घेतात. रस्त्याच्या कडेला बसून ठिगळ लावता येण्याची सोय ज्यांनी केली त्यांची आठवण तितकी राहत नाही.

भोकातून जाणाऱ्या हवेचा बंदोबस्त असा झाला. रबरातून जाणारी हवा जातच राहिली. नैसर्गिक रबराच्या ट्यूबमध्ये वरचेवर हवा भरायची, हे सायकलस्वारांच्या अंगवळणीच पडले होते. शर्यतीच्या सायकलींना आजही काही जण पातळ लॅटेक्सची ट्यूब घालतात आणि रोज हवा भरतात.

उपाय सापडला १९३७ मध्ये. अमेरिकेत न्यू जर्सी येथील स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट टॉमस यांनी आयसोब्यूटिलीन वायूत अगदी थोडे आयसोप्रीन मिसळून, उणे ९५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत, नवे रबर बनवले. हेच ब्यूटाइल रबर. याच्या साखळीत दर दुसऱ्या कार्बनला दोन मेथिल गट चिकटलेले असतात. त्यांची इतकी दाटी होते की साखळीचे तुकडे सहज हलत नाहीत आणि वायूच्या रेणूला पुढे सरकायला फट मिळत नाही. यातून हवा जाण्याचा वेग नैसर्गिक रबराच्या एक दशांश किंवा त्याहूनही कमी असतो. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया आणि इंडोनेशियातले रबराचे मळे ताब्यात घेतले. अमेरिकेला कृत्रिम रबरावाचून गत्यंतर उरले नाही. १९४३ पासून ब्यूटाइलचे मोठे उत्पादन सुरू झाले आणि युद्धानंतर ट्यूब म्हणजे ब्यूटाइलची, असे समीकरण बनले.

ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूबचे काम टायरच्या आतल्या बाजूचा पातळ थर करतो. साधे ब्यूटाइल इतर रबरांशी नीट एकजीव होत नाही. म्हणून १९६० नंतर त्यात क्लोरीन किंवा ब्रोमीन घालून केलेले रबर या अस्तरासाठी वापरात आले. तारांच्या स्पोकच्या साध्या चाकाला मात्र रिममध्येच भोके असतात. म्हणून आपल्याकडे मोटारसायकलींना अॉलॉय चाके येईपर्यंत ट्यूब सुटली नाही.

आता पुन्हा बसलेल्या चाकाकडे येऊ. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पौंड हवा जाते, तो रबराचा गुण आहे. त्यात हवामानाची भर पडते. दुपारी ३५ अंशांना २८ पौंड दाखवणारे चाक पहाटे १५ अंशांना तपासले तर वायूच्या नियमाप्रमाणे पावणेतीन पौंड कमी भरते, आणि त्यात गळती अजिबात नसते. (गणित करताना २८ मध्ये वातावरणाचे १४.७ मिळवायला विसरू नये. मुले तेथेच चुकतात.) पेट्रोलपंपावर नायट्रोजन भरून घेण्यामागे ग्रॅहॅमचेच आकडे आहेत. ऑक्सिजन लवकर निघून जातो हे खरे, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजन असतोच. जास्तीचे पैसे मोजावेत इतका फरक आम्हाला तरी त्यात दिसत नाही.

आठवड्याला पाच-सात पौंड जात असतील तर मात्र दोष रबराच्या स्वभावाचा नाही, भोकाचा आहे. ट्यूबलेस टायर रुतलेल्या खिळ्याभोवती घट्ट बसतो आणि हवा आठवडाभर हळूहळू जात राहते. स्लो पंक्चर म्हणतात ते हेच. खिळा नक्षीच्या भागात असेल आणि भोक लहान असेल तर दुरुस्ती होते. पण बाहेरून दोरी खुपसली तर आतले अस्तर फाटलेलेच राहते आणि हवा टायरच्या थरांत शिरू शकते. म्हणून टायर उतरवून आतून ठिगळ लावणे अधिक चांगले. टायरच्या बाजूच्या भिंतीला भोक पडले असेल, तिथे भेगा दिसत असतील किंवा नक्षी झिजली असेल, तर ठिगळाचा विचार सोडून नवा टायर घ्यावा. चाकाची भिंत प्रत्येक फेऱ्यात वाकते आणि सरळ होते, तेथे ठिगळ टिकत नाही. मोटारीचे एक चाक बसले तर उरलेली तीन तिला सावरतात. मोटारसायकलचे पुढचे चाक वळणावर बसले तर सावरायला काही उरत नाही.