सोलापूरची टोपी, इंडियानाचे पाच डॉलर

माझी आजी वर्षे आकड्यांत मोजत नसे. ‘मोठ्या दुष्काळाच्या साली’, ‘गांधीबाबा गेले त्या साली’ आणि ‘मार्शल्लाच्या साली’ अशी तिची कालगणना. मार्शल लॉ या दोन शब्दांचा तिने एकच करून टाकला होता. १९३० साली ती बारा वर्षांची, वडील सोलापूरच्या गिरणीत जॉबर. सोजीर गल्लीत शिरले तेव्हा तिच्या आईने नवऱ्याची पांढरी टोपी पेटीच्या तळाशी, लुगड्यांखाली दडपली. एवढीच गोष्ट, पण ती दर वेळी डोळे मोठे करून सांगायची.

ही आठवण निघाली ती इंडियानातल्या आमच्या शेजाऱ्यांमुळे. निवृत्त गृहस्थ, मनाने अतिशय चांगले. बर्फ पडला की आधी आमच्या दारातला काढतात. घरात बंदुकांचे कपाट आहे. गेल्या उन्हाळ्यात मागच्या अंगणात कणसे भाजताना ते म्हणाले, “तुमच्या लोकांकडे बंदुका असत्या ना, तर इंग्रज एक वर्ष टिकला नसता. म्हणून तर आमच्या घटनेत दुसरी दुरुस्ती आहे.”

मी एम.एस. करायला इथे आलो तेव्हा असल्या बोलण्यावर नुसता हसून विषय बदलत असे. या वेळी मात्र घरी येऊन पुस्तके काढली.

शेजाऱ्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. सत्तावन्नच्या उठावाची धास्ती इंग्रजांच्या मनातून गेली नव्हती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगणे बंद झाले, गोऱ्यांना मात्र सूट. अमेरिकेत १७९१ पासून जो हक्क घटनेत लिहिलेला, तो आपल्याकडे साहेबाच्या मर्जीवर.

आता सोलापूर. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचे ते गाव पेटले. ८ मे रोजी पोलिसांनी जमावावर गोळीबार केला, त्यात शंकर शिवदारे आणि इतर पडले. मग लोक खवळले. पोलीस चौक्या जळाल्या, न्यायालय जळाले, पोलीसही मारले गेले. तीन-चार दिवस गावात सरकार असे उरलेच नाही. १२ मे रोजी मार्शल लॉ लागला, तो जूनअखेरपर्यंत. तिरंगा लावणे गुन्हा, सभा बंद, खटले लष्करी अधिकाऱ्यांपुढे. व्हाइसरॉयने वटहुकूम काढून या सगळ्याला कायद्याचा टेकूही दिला. पणजोबांची टोपी पेटीत गेली ती याच दिवसांत.

लोकांकडे बंदुका असत्या तर? माझ्या मते सरकारने मशीनगन एक दिवस आधी आणल्या असत्या, इतकेच. पण हे झाले माझे मत. इंडियानाचे उदाहरण मात्र मताचे नाही, घडलेले आहे.

यादवी युद्धाच्या काळात इथे लॅम्बडिन मिलिगन नावाचा वकील होता, लिंकनच्या युद्धाचा कट्टर विरोधक. १८६४ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या गटातल्या एका माणसाच्या इंडियानापोलिसमधल्या छापखान्यात सुमारे ४०० रिव्हॉल्व्हर सापडली. पेट्यांवर लिहिलेले, रविवारच्या शाळेची पुस्तके! ऑक्टोबरमध्ये लष्कराने मिलिगनला घरातून उचलले. कोर्टे उघडी, न्यायाधीश जागेवर, तरी खटला लष्करी आयोगापुढे चालला आणि फाशी ठरली. १९ मे १८६५ ही तारीखही पक्की झाली होती. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती शिक्षा जन्मठेपेवर आणली. या राज्यात तेव्हा घरोघरी बंदुका होत्या. मिलिगनसाठी एकही झाडली गेली नाही.

त्याला सोडवले एका अर्जाने. १८६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नागरी न्यायालये चालू असताना नागरिकाचा खटला लष्कराने चालवायचा नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस हे लिंकनचे जुने स्नेही आणि त्यांनीच नेमलेले. मला या प्रकरणातले हेच सर्वांत मोठे वाटते. हा निकाल मात्र युद्ध संपल्यावर आला. हवाईतही तेच झाले. पर्ल हार्बरच्या दिवशी, ७ डिसेंबर १९४१ रोजी, मार्शल लॉ लागला, तो जवळजवळ तीन वर्षे राहिला. जपानी नागरिकांना बंदुका आणून द्याव्या लागल्या. लष्करी न्यायालयांना तसा अधिकार नव्हता, असे सर्वोच्च न्यायालय बोलले ते १९४६ मध्ये.

म्हणजे कोर्ट उघडे असले की झाले, असे म्हणावे तर पुन्हा सोलापूर आडवे येते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी झाली ती १२ जानेवारी १९३१ रोजी. मार्शल लॉ उठून सहा महिने झाले होते. पोलिसांच्या खुनाचा तो खटला नेहमीच्याच न्यायालयात चालला, अपिलेही झाली. लहानपणी चार हुतात्मा चौकातून जाताना मी समजत होतो, की त्यांना लष्कराने मारले. न्यायालयाचा मालक आणि सरकारचा मालक एकच असला, तर गणवेश बदलून फारसा फरक पडत नाही.

हे सगळे मी शेजाऱ्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले, पटले असे काही म्हणाले नाहीत. मग विचारले, “त्या वकिलाचे पुढे काय झाले?”

मी म्हटले, त्याने लष्करी अधिकाऱ्यांवर नुकसानभरपाईचा दावा लावला आणि १८७१ मध्ये तो जिंकलाही. ज्यूरीने पाच डॉलर दिले.

“पाच?” ते कणीस खाली ठेवून म्हणाले. “आणि तुझ्या पणजोबांना टोपीचे किती मिळाले?”