मारविजय (अजिंठा)

मारविजय म्हणजे बोधिप्राप्तीपूर्वी सिद्धार्थ गौतमांनी माराने दाखविलेल्या प्रलोभनांवर व भयावर मिळविलेला विजय. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठा येथे हा प्रसंग लेणे क्रमांक १ मध्ये चित्ररूपाने, तर क्रमांक २६ मध्ये शिल्परूपाने आढळतो. क्रमांक १६ मधील नंदकथेसह तो अभ्यासल्यास मोह आवरणे आणि मोहच न होणे यांतील भेद ध्यानात येतो. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल (इ.स.पू. ३८४–३२२) याच्या नीतिविचारातही हा भेद महत्त्वाचा आहे.

शिल्पाचे स्वरूप

लेणे क्रमांक २६ हे इसवी सनाच्या ५व्या शतकातील चैत्यगृह आहे. त्याच्या डाव्या भिंतीवर, महापरिनिर्वाणाच्या भव्य मूर्तीनजीक हा शिल्पपट कोरलेला आहे. मध्यभागी बोधिवृक्षाखाली गौतम भूमिस्पर्श मुद्रेत बसलेले आहेत. हत्तीवर आरूढ झालेला मार, त्याची सेना, खाली नृत्य करणाऱ्या त्याच्या कन्या आणि अखेरीस खिन्न झालेला मार असा कथाक्रम एकाच पटात दिसतो. गौतमांच्या चेहऱ्यावर मात्र झुंजीची खूण नाही.

नंदाची कथा

नंद हा बुद्धांचा सावत्र भाऊ. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ या संस्कृत महाकाव्यानुसार, भिक्षू झाल्यावरही त्याचे मन पत्नी सुंदरीकडे धावत असे. पुढे अप्सरांच्या प्राप्तीसाठी त्याने तप आरंभिले. हा केवळ सौदा आहे, हे आनंदाने दाखवून दिल्यावर तो लज्जित झाला व अखेर अर्हत्पदास पोहोचला. ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणून प्रसिद्ध असलेले चित्र सुंदरीचे मानले जाते.

ग्रीक विचाराशी तुलना

‘निकोमॅकियन एथिक्स’च्या सातव्या भागात ॲरिस्टॉटल पुढील अवस्था वेगळ्या करतो :

• अक्रासिया : योग्य काय ते कळूनही मोहास बळी पडणे.
• एन्क्रातेइआ : अयोग्य इच्छा होऊनही विवेकाने ती आवरणे.
• सोफ्रोसिनी : इच्छाच विवेकाशी सुसंगत असणे. हाच खरा सद्गुण होय.

सुंदरीची ओढ असूनही संघात राहणारा नंद दुसऱ्या अवस्थेच्या जवळचा आहे. मोठ्या सुखासाठी लहान सुख सोडणे हा खरा संयम नव्हे, असे प्लेटोच्या ‘फीडो’ या संवादात सॉक्रेटिसही म्हणतो.

तुलनेच्या मर्यादा

ॲरिस्टॉटलचा संयमी पुरुष शारीरिक सुखे टाकत नाही. ती योग्य प्रमाणात उपभोगतो. बौद्ध धर्मातील मध्यममार्ग भोग व आत्मक्लेश ही दोन्ही टोके टाळत असला, तरी त्याचे ध्येय तृष्णेचा क्षय हे आहे. मात्र, संयम हा सतत चालणारा झगडा नसून मनाला वळण लावल्याने येणारे स्थैर्य आहे, याबाबत दोन्ही परंपरा जवळ येतात.