रोपडची वाट आणि सुबाथूचे घर

चंदीगढला लागून वसलेले मोहाली हे अगदी अर्वाचीन नगर. पंजाबची १९६६ साली पुनर्रचना झाली, त्यानंतर ते उभे राहिले. गुरु गोविंदसिंगांचे ज्येष्ठ पुत्र साहिबजादा अजितसिंग यांचे नाव त्यास लाभले आणि २००६ साली रोपड व पतियाळा या दोन जिल्ह्यांचे भाग काढून त्याच नावाचा स्वतंत्र जिल्हा झाला. नगर नवे असले तरी हा मुलूख जुना आहे, आणि त्याच्या आसमंतात विसाव्या शतकाच्या आरंभी एका शीख मुलापुढे जो प्रश्न उभा राहिला तो तर त्याहूनही पुरातन आहे. ईश्वराची आज्ञा कोणती आणि आपल्याच मनाची हौस कोणती, हे माणसाने ओळखावे कसे?

हा मुलगा म्हणजे पुढे साधू सुंदरसिंग या नावाने प्रसिद्धीस आलेला पुरुष. पतियाळा संस्थानातील रामपूर या गावी, एका सुखवस्तू जमीनदाराच्या घरी, ३ सप्टेंबर १८८९ रोजी त्याचा जन्म झाला. आई अत्यंत भाविक होती. मुलाने साधू व्हावे, ही तिची मनीषा. तिच्याच प्रेरणेने त्याने सातव्या वर्षी गीता मुखोद्गत केली, असे सांगतात. ईश्वराचा ‘हुकूम’ शिरोधार्य मानावा, ही शीख धर्माची अगदी पहिली शिकवण होय. तेव्हा आज्ञापालनाची कल्पना या मुलाला परकी नव्हती. केवळ आज्ञा करणारा कोण, एवढेच ठरावयाचे होते.

तो चौदा वर्षांचा असताना आई गेली, आणि मुलाचे मन कडवट झाले. मिशनच्या शाळेत शिकत असूनही ख्रिस्ती धर्माचा त्यास विलक्षण द्वेष वाटू लागला. डिसेंबर १९०४ मध्ये त्याने घराच्या अंगणात शुभवर्तमानाचा ग्रंथ जाळला. त्यानंतर दोनच दिवसांनी, १८ डिसेंबरच्या पहाटे, आपल्याला येशूचे दर्शन झाले, असे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. पित्याने समजावले, आप्तांनी धाक घातला, मालमत्तेचे आमिष दाखविले. त्याने केस कापले, तेव्हा घराचे दार बंद झाले. जाताना दिलेल्या अन्नात विष होते, असे त्याचे कथन आहे. तो कसाबसा रोपडला पोहोचला आणि तेथील ख्रिस्ती पाळकांच्या घरी मरणाच्या दारातून परतला. मोहालीहून रोपड काही फार दूर नाही. पुढे सिमल्याच्या वाटेवरील सुबाथू येथे मिशनच्या आश्रयाला तो राहिला आणि ३ सप्टेंबर १९०५ रोजी, सोळाव्या वाढदिवशी, सिमल्यास त्याने बाप्तिस्मा घेतला. सुमारे महिनाभराने भगवी कफनी अंगावर आली. आईची इच्छा अशा रीतीने पूर्ण झाली. मात्र तिच्या कल्पनेत नसलेल्या वाटेने.

येथवरची कथा सर्वत्र सांगितली जाते. तिच्यातील दर्शन आणि विष हेच श्रोत्यांच्या मनावर ठसते. परंतु खरी परीक्षा पुढेच होती, आणि तिच्यात चमत्काराचा लवलेशही नव्हता. १९०९ च्या अखेरीस सुंदरसिंग लाहोरच्या सेंट जॉन्स धर्मविद्यालयात दाखल झाले. उपदेशकाचा परवाना मिळाला. पुढे दीक्षा होणार, प्रतिष्ठा आणि चरितार्थ यांची सोय होणार, हे निश्चित होते. मात्र दीक्षा घेतल्यावर भगवी वस्त्रे उतरवून पाद्र्याचा पोशाख करावा लागेल आणि आपल्या धर्मप्रांताबाहेर अनुज्ञेवाचून उपदेश करता येणार नाही, हेही त्यांना कळले. तिबेटच्या सीमेपर्यंत भटकणाऱ्या या तरुणाला ते बंधन मानवले नाही. त्यांनी बिशप लेफ्रॉय यांच्यापाशी परवाना परत केला.

विचार करावा असा प्रसंग हाच आहे. वडीलधाऱ्यांची शिस्त मोडून आपल्या मार्गाने जाणाऱ्याने ‘ही देवाची आज्ञा’ म्हणावे, यापेक्षा सोपे काय? इतिहासात कितीतरी हट्टी माणसांनी तसे म्हटले आहे. सुंदरसिंगांचे वेगळेपण असे की, त्यांनी चर्चशी वैर धरले नाही, निराळा पंथ काढला नाही, शिष्यांचा मठ उभारला नाही. कीर्ती देशोदेशी पसरल्यावर, १९२० आणि १९२२ च्या परदेश दौऱ्यांत सभागृहे भरून वाहत असतानाही, अनुयायी जमविण्याचे त्यांनी टाळले. स्वेच्छेची चव ज्याला लागली आहे, त्याला हे साधत नाही.

याचा अर्थ त्यांचे पाऊल कधी चुकलेच नाही, असा नव्हे. १९१३ साली येशूच्या अनुकरणाने चाळीस दिवसांचा उपवास करावयाचा, असे त्यांनी ठरविले आणि देहरादूनच्या बाजूच्या अरण्यात ते जाऊन बसले. तो पुरा झाला नाही. बेशुद्धावस्थेत ते लोकांना सापडले, आणि इकडे त्यांच्या निधनाची वार्ता मित्रांकडे जाऊन पोहोचली होती! आज्ञा झाली म्हणून उपाशी राहणे निराळे आणि उपवास करण्याचा संकल्प स्वतःच सोडणे निराळे. तरी या उपवासानंतर आपली शंका निमाली, असे ते म्हणत. १९२० नंतर त्यांच्या अनेक कथांवर युरोपात कठोर टीका झाली. होस्टेन आणि फिस्टर यांनी त्यांच्या सत्यतेविषयीच शंका घेतली, तर हायलर यांनी त्यांची बाजू घेतली. तो वाद पूर्णपणे मिटला असे म्हणता येत नाही. बिशपला परत केलेल्या परवान्यास मात्र दृष्टान्ताचा पुरावा लागत नाही.

मराठी श्रोत्यांना या ठिकाणी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण होणे साहजिक आहे. टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, दोन तपांहून थोडी कमी वर्षे मिशनची सेवा केली, आणि १९१७ साली वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ती नोकरी सोडून भगवे वस्त्र धारण केले. साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तभक्ताला तेथे जागा होती. टिळकांनी दरबार भरविला, सुंदरसिंग एकटेच चालत राहिले. पगाराचा, पदाचा आणि पोशाखाचा त्याग मात्र दोघांनीही केला.

आणि दोघांच्याही बाबतीत त्या त्यागाचा भार दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर पडला. पती ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाईंनी काही वर्षे त्यांच्यापासून दूर, माहेरच्या माणसांत कशी काढली, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणारास ठाऊक आहे. त्या स्वतः १९०० साली ख्रिस्ती झाल्या. पण पतीच्या आज्ञेवरून नव्हे, आपल्या मनाने वाट शोधून. ज्याला हाक ऐकू येते तो उठून जातो. ज्याला ती ऐकू आलेली नसते त्याला घर सांभाळावे लागते. रामपूरच्या सरदार शेरसिंगांनीही पुत्राला घराबाहेर काढले आणि अनेक वर्षांनी स्वतः त्याचाच धर्म पत्करला. १९२० च्या इंग्लंड प्रवासाचा खर्चही त्यांनी उचलला. मधली वर्षे त्या पित्याने कशी कंठिली असतील, याची नोंद नाही.

सुंदरसिंगांनी अखेरची वर्षे सुबाथूच्या घरी काढली. दृष्टी अधू झाली होती, हृदयविकार जडला होता. १९२७ साली तिबेटच्या वाटेवरून रक्तस्राव झाल्यामुळे त्यांना माघारी आणावे लागले. मित्रांनी विनविले की, आता लेखनच करावे, ग्रंथांद्वारे अधिक माणसांपर्यंत पोहोचता येईल. हा सल्ला शहाणपणाचा होता, यात शंका नाही. परंतु तो त्यांनी मानला नाही. एप्रिल १९२९ मध्ये निरोपाची पत्रे लिहून ते यात्रेकरूंच्या वाटेने तिबेटकडे निघाले. ते परत आले नाहीत, तेव्हा मित्र शोध घेत डोंगरांत गेले. वाटेवरील मुक्कामांवर त्यांनी चौकशी केली. पण कोणालाही त्या भगव्या कफनीतल्या साधूविषयी खात्रीने काही सांगता आले नाही. सुबाथूचे घर उघडून पाहिले, तेव्हा मागे थोडीशी पुस्तके, कागदपत्रे आणि मृत्युपत्र एवढेच होते.