पांढरी कुणाची?

आजोबा खानापूर तालुक्यातल्या दुष्काळातून उठून लखनौच्या चौकात आले ते गलाईच्या धंद्यासाठी. विटा-आटपाडीकडची अशी कितीतरी घरं देशभरच्या सराफ बाजारांत पांगली. सोनं-चांदी आटवून शुद्ध करायची, सोनारांच्या दुकानातला झाडलोटीचा कचरासुद्धा विकत घेऊन धुवायचा. त्या कचऱ्यातल्या कणांवर आमचं घर उभं राहिलं.

आजीनं मात्र आल्या आल्या विचारलं, ही पांढरी कुणाची? म्हणजे ही गावाची वसती मुळात कुणी वसवली? शेजाऱ्यांनी नवाबांची नावं घेतली. आसफउद्दौलांनी १७७५ मध्ये फैजाबादहून राजधानी इथं आणली. राजधानी आणली म्हणजे गाव आधीच होतं की, असं आजीचं म्हणणं.

उत्तर मिळालं ते रात्री सराफ्याची राखण करणाऱ्या, पासी समाजातल्या बाबांकडून. गोमतीकाठी लक्ष्मण टीला आहे, तिथं लाखन पासी राजाचा किल्ला होता आणि त्याच्याच नावावरून हे शहर, असं त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. इतर लोक ते नाव रामाच्या लक्ष्मणाशी जोडतात. पुरावा कुणाच्याच बाजूनं ठाम नाही, पण ज्यांच्या हाती लेखणी येऊ दिली नाही त्यांची आठवण मी हलकी मानणार नाही. महाराजा बिजली पासींचा म्हणून ओळखला जाणारा किल्ला तर शहराच्या दक्षिणेला अजून आहे.

बाबांनी आजीला त्यांच्याच पासी समाजातल्या उदादेवींचीही कथा सांगितली. १६ नोव्हेंबर १८५७, सिकंदरबाग. पिंपळावर चढून त्या एकट्या गोऱ्या शिपायांवर गोळ्या झाडत राहिल्या. खाली पडल्यावर कळलं, ही बाई आहे. आणि त्याच पासींना पुढं इंग्रजांनी गुन्हेगार जमातींच्या कायद्यात घातलं. १८७१ चा तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. आजीला हे समजावून सांगावं लागलं नाही. गावाची राखण करणारे रामोशी आणि त्यांच्या कपाळी मारलेला तोच शिक्का तिनं माहेरी पाहिला होता. त्या दिवसापासून सणाचं पहिलं ताट बाबांच्या घरी जाई.

आमची मुलं आता अवधीत भांडतात आणि मराठीत आरती म्हणतात. लखनौ त्यांचं घर आहे, यात मला शंका नाही. म्हणूनच माझा आग्रह आहे की येत्या गणपतीत आपल्या मंडपात उदादेवींची तसबीर लागावी, आणि त्यांची कथा सांगायला पासी वस्तीतल्याच कुणा वडीलधाऱ्यांना मानानं बोलवावं. आपण खाली बसून ऐकावं.